पाच ऑक्साइडे, एक स्फटिक: पातळ थरातील एकसंधपणाचे श्रेय एन्ट्रॉपीला द्यावे काय?

जालक

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर वर्गासाठी उच्च-एन्ट्रॉपी ऑक्साइडांवर (अनेक धातूंची ऑक्साइडे समप्रमाणात मिसळून केलेल्या स्फटिकांवर) दोन व्याख्याने तयार करताना मी एका हिशेबापाशी अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मॅग्नेशियम, निकेल, कोबाल्ट, तांबे आणि जस्त यांची ऑक्साइडे समप्रमाणात मिसळून तापवली की मिठासारखी रचना असलेला एकच स्फटिक मिळतो, हे २०१५ साली क्रिस्टिना रॉस्ट, जॉन-पॉल मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. यांतील पहिल्या तीन ऑक्साइडांची रचना मुळातच मिठासारखी असते. कॉपर ऑक्साइड मात्र एकनताक्ष असते आणि झिंक ऑक्साइड वुर्ट्झाइट (या दोन्ही मिठाहून वेगळ्या स्फटिकरचना). नुसत्या झिंक ऑक्साइडला मिठाच्या रचनेत बसवायचे तर मोलमागे सुमारे २५ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. मिश्रणात झिंक ऑक्साइड पाचवा हिस्साच असल्याने त्या वाट्यापुरती ही किंमत पाच धनायनांच्या (धनभारित धातू-आयनांच्या) सरमिसळीतून येणारी एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, भरून काढते, असे आपण शिकवतो. ती एन्ट्रॉपी वायुस्थिरांक गुणिले पाचचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे मोलमागे प्रतिकेल्विन १३.४ ज्यूल. ८७५ अंश सेल्सिअसला तिचा वाटा (केल्विनमधील तापमान गुणिले एन्ट्रॉपी) १५.४ किलोज्यूल होतो.

माझी अडचण पातळ थरांची आहे. लेझरच्या साहाय्याने वाढवलेले याच पदार्थाचे थर ३०० अंशांच्या आसपासच्या सबस्ट्रेटवरही (थराखालच्या आधार-स्फटिकावरही) एकसंध येतात. त्या तापमानाला एन्ट्रॉपीचा वाटा जेमतेम ७.७ किलोज्यूल, म्हणजे निम्माच उरतो. मग थराला एकसंध कोण ठेवते? आणि जोडीला दुसरा प्रश्न असा की, इतकी यादृच्छिक सरमिसळ असताना चुंबकीय सुव्यवस्था (अणूंच्या चुंबकीय दिशांची नियमित मांडणी) कशी काय टिकते? पाचांपैकी मॅग्नेशियम आणि जस्त तर चुंबकीयदृष्ट्या मुकेच आहेत.

भट्टीवाली

तुमचा हिशेब बरोबर आहे. त्याच्याकडे उलट्या बाजूनेही पाहावे, असे मी सुचवीन. भुकटी ८५० अंशांवर धरली तर क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत) कॉपर ऑक्साइडच्या रेषा वेगळ्या दिसतात, ९०० अंशांवर त्या नाहीशा होतात, आणि पुन्हा खाली आणून पुरेसा वेळ दिला की परत उमटतात. हे संक्रमण उलटसुलट दोन्ही दिशांना होते आणि वर जाताना उष्णता शोषली जाते. म्हणजे एन्थाल्पीची (उष्णतारूपी ऊर्जेची) किंमत सुमारे १५ किलोज्यूल असावी, हे आपण संक्रमणाच्या तापमानावरूनच वाचू शकतो. शिवाय समप्रमाणापासून कोणत्याही दिशेला सरकले की लागणारे तापमान वाढते. ‘एन्ट्रॉपीने स्थिरावलेले’ हा शब्द त्या शोधनिबंधाने या पुराव्यांवर कमावला आहे.

तुमच्या थरांनी यांतील काय कमावले आहे? माझ्या मते काहीच नाही. आणि म्हणूनच तुमचा प्रश्न योग्य आहे.

सह्याद्रीपुत्र

विषयाचा अभ्यासक नाही, कुतूहलाने वाचत आहे. आपल्याकडच्या पंचधातूच्या मूर्तींचे तत्त्व हेच म्हणावे काय?

भट्टीवाली

@सह्याद्रीपुत्र, नाही. पंचधातूत बहुतांश भाग तांब्याचा असतो आणि बाकीच्यांची हजेरी नावापुरती असते. येथे पाचही सदस्यांचा वाटा सारखा असणे हाच मुद्दा आहे. समप्रमाण मिश्रधातूंची कल्पना २००४ साली तैवानचे जिएन-वेई ये आणि इंग्लंडचे ब्रायन कँटर यांनी स्वतंत्रपणे मांडली. ऑक्साइडे त्यानंतर अकरा वर्षांनी आली.

गणितवेडी

पंचामृत म्हणा हवे तर. पण त्यातही साजूक तूप वर तरंगतेच, म्हणजे ते एकसंध नव्हे.

लेझरकाका

पंचामृतातले तूप खाली दाबून ठेवण्याचेच काम आम्ही लोक करतो, असे म्हणायला हरकत नाही. जरा विस्ताराने सांगतो.

२४८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या क्रिप्टॉन फ्लोराइड लेझरचा वीस-पंचवीस नॅनोसेकंदांचा पल्स भाजलेल्या टार्गेटवर, म्हणजे त्याच पदार्थाच्या वडीवर, पडतो, तेथून प्लाझ्माचा फुगारा उठतो आणि समोरच्या तापवलेल्या सबस्ट्रेटवर येऊन बसतो. (१९८७ साली टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी उच्चतापमान अतिवाहकांचे थर या पद्धतीने केले, तेव्हापासून ऑक्साइडवाल्यांची ही आवडती पद्धत आहे.) एक अणुथर भरायला काही डझन पल्स लागतात. येणाऱ्या कणांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्टपासून दशकांपर्यंत असू शकते, तर ३०० अंशांवरची औष्णिक ऊर्जा त्या मापाने पाच-शतांश इलेक्ट्रॉनव्होल्ट. कण पृष्ठभागावर येतो, थोडा सरकतो आणि जागा शोधतो न शोधतो तोच पुढचा थर त्याला गाडून टाकतो. तांब्याच्या आयनाला आपल्या भाईबंदांना शोधून वेगळे कॉपर ऑक्साइड रचायचे तर पृष्ठभागावर भटकायला वेळ हवा आणि तापमानही हवे. आम्ही त्याला दोन्ही देत नाही. थर एकसंध राहतो तो या नाकेबंदीमुळे. त्यात एन्ट्रॉपीचे श्रेय असलेच तर थोडे.

दुसरा भागीदार सबस्ट्रेट. मॅग्नेशियम ऑक्साइडचा जालकांक (जालक, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतील एका घनाची बाजू) ४.२१ अँगस्ट्रॉम आणि या पदार्थाचा सुमारे ४.२३, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. खाली मिठाची रचना तयारच मांडलेली असल्याने वर येणाऱ्याला तीच गिरवणे सोपे जाते.

मात्र ‘एकसंध’ म्हणजे ‘तोच पदार्थ’ असे समजू नये. सबस्ट्रेटचे तापमान कमी ठेवले तर कोबाल्टचा काही भाग द्विसंयुजी (दोन धनभारांचा) राहण्याऐवजी त्रिसंयुजी होतो आणि थराचा जालकांक लंबदिशेने लक्षणीय बदलतो. कागदावर सूत्र तेच, पण हातात आलेला पदार्थ निराळा. चुंबकत्वाची चर्चा करण्याआधी ही संयुजा तपासलीच पाहिजे.

शंकासुर

@लेझरकाका, तुमचे म्हणणे मान्य केले तर मग पाचच ऑक्साइडे का? नाकेबंदीच करायची तर सात घ्या, तीन घ्या.

लेझरकाका

घेता येतातच आणि लोक घेतातही. पाच हा आकडा व्याख्येतून आला आहे. एन्ट्रॉपी वायुस्थिरांकाच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर ‘उच्च’ म्हणायचे असा रिवाज पडला. चार समान घटकांना १.३९ मिळतात, पाचांना १.६१. पाच जण उत्तीर्ण होतात, एवढेच.

गणितवेडी

त्या दीडच्या रिवाजाविषयी माझा जुना आक्षेप येथे नोंदवते. हा आकडा मिश्रधातूंच्या क्षेत्रातून जसाच्या तसा उचलला आहे. तेथे प्रत्येक अणू सरमिसळीत भाग घेतो. मिठाच्या रचनेत निम्मे अणू ऑक्सिजनचे असतात आणि ते आपापल्या जागी निमूट बसलेले असतात, त्यामुळे एक मोल अणूंमागे हिशेब केला तर १.६१ चे ०.८० होतात. पेरोव्हस्काइटमध्ये (सूत्रामागे पाच अणू असलेल्या ऑक्साइड-रचनेत) पाचांपैकी एकाच जागेवर सरमिसळ केली तर ०.३२ उरतात. तरीही त्याला ‘उच्च-एन्ट्रॉपी पेरोव्हस्काइट’ म्हणतात. मोल कशाचा, हे न सांगता एन्ट्रॉपीचा आकडा देणे म्हणजे एकक न सांगता लांबी देण्यासारखे आहे.

जालक

गणितवेडीताई, हा मुद्दा माझ्या व्याख्यानात जसाच्या तसा जाणार आहे. चुंबकत्वाविषयी कोणी लिहील काय?

नीलबिंदू

लिहितो. थोडे लांबेल.

या पदार्थात दोन चुंबकीय आयन एकमेकांशी थेट बोलत नाहीत; मधला ऑक्सिजन त्यांचा निरोप पोहोचवतो. यालाच सुपरएक्स्चेंज म्हणतात. मिठाच्या रचनेत धनायन, ऑक्सिजन आणि धनायन सरळ रेषेत, म्हणजे १८० अंशांत असतील तेव्हा हा संवाद सर्वांत प्रबळ असतो आणि तो शेजाऱ्यांचे स्पिन (अणूंच्या चुंबकीय दिशा) एकमेकांविरुद्ध वळवतो. प्रत्येक धनायनाला असे सहा सरळरेषीय शेजारी असतात. निकेल ऑक्साइड ५२३ केल्विनखाली आणि कोबाल्ट ऑक्साइड २९० केल्विनच्या आसपास प्रतिलोहचुंबकी होते ते यामुळेच. एका तिरप्या प्रतलातील सर्व स्पिन एका दिशेला आणि लगतच्या प्रतलातील विरुद्ध दिशेला. लुई नील यांना १९७० चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले त्यातला हा गाभा आहे, आणि माझ्या टोपणनावाचे मूळही तेच.

आता पाचांपैकी दोन मुके करा. धनायनांच्या प्रत्येक जागी चुंबकीय आयन असण्याची शक्यता ६० टक्के. सहांपैकी सरासरी ३.६ शेजारी बोलके उरतात. सहाही मुके निघण्याची शक्यता ०.४ चा सहावा घात, म्हणजे हजारांत फक्त चार. केवळ या सरळरेषीय दुव्यांचा विचार केला तर धनायनांचे जालक साध्या घनाकृती उपजालकांत विभागले जाते, आणि साध्या घनाकृती जालकात सलग साखळी स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्यासाठी ३१ टक्के जागा भरलेल्या असल्या तरी पुरते. आपल्याकडे ६० आहेत, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यामुळे सुव्यवस्था नाहीशी झाली असती तरच नवल. भुकटीवरच्या न्यूट्रॉन विवर्तनाने दीर्घपल्ल्याची प्रतिलोहचुंबकी सुव्यवस्था दाखवली आहे आणि तिचे संक्रमण ११३ केल्विनच्या आसपास नोंदले गेले आहे. दुवे तुटलेले आणि उरलेले असमान, म्हणून तापमान निकेल ऑक्साइडच्या पाव भागाखाली घसरले आणि संक्रमण धारदार न राहता पसरट झाले.

थोडक्यात, येथे एन्ट्रॉपी चुंबकत्वाला मदतही करत नाही आणि मारतही नाही. ती फक्त कोण कोणाशेजारी बसेल हे ठरवते.

शंकासुर

@नीलबिंदू, भुकटीचे पटले. पण पन्नास नॅनोमीटरच्या थरावर न्यूट्रॉन विवर्तन करून दाखवा पाहू. पदार्थच इतका थोडा की संकेत गोंगाटात बुडून जाईल. आणि प्रतिलोहचुंबकाला निव्वळ चुंबकन नसते, म्हणून मॅग्नेटोमीटरमध्येही तो हाती लागत नाही. मग थरात सुव्यवस्था आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?

नीलबिंदू

रास्त प्रश्न. एक वाट आडून जाते. प्रतिलोहचुंबकावर लोहचुंबकाचा पातळ थर चढवायचा आणि चुंबकीय क्षेत्रात थंड करायचे. सीमेवरचे प्रतिलोहचुंबकी स्पिन गोठतात आणि वरच्या लोहचुंबकाला एका बाजूला ओढून धरतात, त्यामुळे त्याचा हिस्टेरेसिसचा फास (चुंबकन आणि क्षेत्र यांच्या आलेखातील बंद वळण) शून्यापासून सरकतो. हा एक्स्चेंज बायस मेइकलजॉन आणि बीन यांनी १९५६ साली कोबाल्टच्या ऑक्साइड चढलेल्या कणांत पाहिला होता. २०१७ साली मिशिगन विद्यापीठातील गटाने याच पाच घटकांच्या थरावर पर्मॅलॉय (निकेल आणि लोखंडाचा लोहचुंबकी मिश्रधातू) चढवून तो प्रयोग केला, आणि कमी तापमानाला हा सरकाव कोबाल्ट ऑक्साइडवरच्या तशाच रचनेपेक्षा कित्येक पटींनी मोठा मिळाला. सर्व स्पिन नेटके जुळलेले असते तर सीमेवर एकमेकांना छेदून परिणाम क्षीण झाला असता. येथे अव्यवस्थेमुळे न जुळलेले स्पिन अधिक उरतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. मला ते पटते.

दुसरी वाट सिंक्रोट्रॉनची, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकाची. कोबाल्टची एल-कडा (जेथे क्ष-किरणांचे शोषण एकदम वाढते ती ऊर्जा) ७८० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, निकेलची ८५३ आणि तांब्याची ९३० च्या जवळ असल्याने प्रत्येक मूलद्रव्याला वेगळे गाठून त्याची संयुजा आणि चुंबकीय वर्तन विचारता येते. लेझरकाकांच्या त्रिसंयुजी कोबाल्टची शहानिशा याच मार्गाने होते. भारतात असे शोषणमापन इंदूरच्या इंडस-२ वर करता येते.

शंकासुर

ठीक आहे, पण मॅग्नेटोमीटरवाल्यांसाठी एक इशारा. अर्धा मिलिमीटर जाडीचा सबस्ट्रेट पन्नास नॅनोमीटरच्या थरापेक्षा दहा हजार पट जाड असतो. त्याचे प्रतिचुंबकत्व वजा करताना चूक झाली की हवे ते चुंबकत्व जन्माला घालता येते. मी स्वतः संशोधक विद्यार्थी असताना खोलीच्या तापमानाला एक सुंदर फास मिळवला होता. तीन आठवडे आम्ही आनंदात होतो, मसुद्याचे शीर्षकही ठरले होते. मग एका वरिष्ठ सहकाऱ्याने कोरा सबस्ट्रेट, त्याच पोलादी चिमट्याने धरून, मापायला सांगितला. फास तसाच आला. त्यानंतर प्लास्टिकचा चिमटा वापरला आणि फास गेला.

भट्टीवाली

सबस्ट्रेट चिकटवायला वापरलेल्या चांदीच्या लेपाचाही त्यात हात असू शकतो. मापनाआधी मागची बाजू घासून काढावी.

टेनेसीकर

पेरोव्हस्काइटचा उल्लेख वर झाला आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. मला या सर्व कुटुंबात तोच जास्त मनोरंजक वाटतो, कारण तेथे सरमिसळीच्या जागेवर एकही धनायन मुका ठेवण्याची गरज नसते.

लँथॅनमच्या जागा तशाच ठेवून दुसऱ्या जागी क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल समप्रमाणात बसवतात. यांची एकेकटी वागणूक पाहा. लँथॅनम फेराइट ७४० केल्विनपर्यंत प्रतिलोहचुंबकी, क्रोमाइट २९० च्या आसपासपर्यंत, मँगॅनाइट १४० पर्यंत. निकेलेट अचुंबकी धातूसारखे वाहक, आणि कोबाल्टाइट तर कमी तापमानाला स्पिनच शून्य करून बसते. या पाचांना एका जालकात कोंबले की लोह आणि लोह यांच्यात प्रतिलोहचुंबकी जोड, मँगॅनीज आणि निकेल यांच्यात बहुधा लोहचुंबकी जोड, असे प्रत्येक दुव्याचे चिन्ह आणि बळ निराळे होते. नीलबिंदू यांच्या हिशेबात दुवा होता किंवा नव्हता. येथे दुवा सगळीकडे आहे, पण दर पावलाला भूमिका बदलणारा.

२०२० च्या सुमारास ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतून आलेल्या कामात या पदार्थाचे स्ट्राँशियम टायटनेटवर वाढवलेले एकस्फटिकी थर होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आणि क्ष-किरणांतून पाहता जालक अपेक्षेपेक्षा कितीतरी नेटके निघाले. आत इतका गोंधळ असूनही स्फटिक म्हणून त्याची गुणवत्ता उत्तम. चुंबकीय सुव्यवस्था कमी तापमानाला दिसली आणि सबस्ट्रेट बदलून थराला ताणले किंवा दाबले की स्पिनची पसंतीची दिशाही बदलली. पुढे २०२२ मध्ये मँगॅनीजचे प्रमाण कमीजास्त करून त्यांनी सुव्यवस्थेकडून कोंडीकडे (परस्परविरोधी दुव्यांमुळे स्पिनला एक दिशा ठरवता न येण्याकडे) जाणारी वाट दाखवली, आणि एकाच थरात, दुसरा कोणताही थर न चढवता, एक्स्चेंज बायस मिळवला. लोहचुंबकी आणि प्रतिलोहचुंबकी प्रदेश एकाच स्फटिकात शेजारी नांदत असल्याचे ते लक्षण आहे. मिशिगनच्या प्रयोगात ज्याला दोन थर लागले, ते येथे एकातच उरकले.

गणितवेडी

@टेनेसीकर, जालक नेटके असणे म्हणजे वाटप यादृच्छिक असणे नव्हे, हे लक्षात असू द्यावे. क्रोमियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट, निकेल यांच्या स्पिनेल या रचनेच्या ऑक्साइडमध्ये हीच फसगत होते. तेथे चतुष्फलकी आणि अष्टफलकी अशा दोन प्रकारच्या जागा असतात आणि त्रिसंयुजी क्रोमियम जवळजवळ हट्टाने अष्टफलकी जागाच घेते. इतरांनाही कमीअधिक आवडीनिवडी असतात. विवर्तनात स्पिनेल अगदी शुद्ध दिसते, पण प्रत्यक्षातील एन्ट्रॉपी सूत्राने काढलेल्या एन्ट्रॉपीपेक्षा कमी असते.

टेनेसीकर

मान्य. पेरोव्हस्काइटमध्ये आमच्या पाचही धनायनांना अष्टफलकी जागाच मिळते, म्हणून हा प्रश्न तितका टोकाचा होत नाही. पण काही नॅनोमीटर अंतरातील छोट्या टोळ्या विवर्तनाच्या सरासरीत लपून राहू शकतात, हे खरे.

सह्याद्रीपुत्र

सगळे समजले असे म्हणणार नाही, पण चिमट्याची गोष्ट कायम लक्षात राहील.

जालक

सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे परत येतो. भट्टीवालींनी सांगितलेली कसोटी थरावरच लावली तर? ३०० अंशांवर वाढवलेला थर ७०० अंशांवर धरायचा. तांबे वेगळे झाले तर तो आजवर केवळ नाकेबंदीने टिकला होता हे ठरेल. मग तोच थर ९५० अंशांवर न्यायचा. तो पुन्हा एकसंध झाला तर एन्ट्रॉपीचा वाटाही सिद्ध होईल.

भट्टीवाली

कल्पना आवडली, पण सबस्ट्रेट तुम्हाला फसवील. निकेल ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइड मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये वाटेल त्या प्रमाणात विरघळतात. ९५० अंशांवर काही तास ठेवले तर पन्नास नॅनोमीटरचा थर खालच्या स्फटिकात मुरू लागेल आणि जे शिल्लक राहील त्यात मॅग्नेशियमचे प्रमाण वाढलेले असेल. तो एकसंध दिसला तरी एन्ट्रॉपीमुळे की मॅग्नेशियममुळे, हे कसे ओळखणार?

लेझरकाका

नीलमण्याचा सबस्ट्रेट घेतला तर ॲल्युमिनाशी संयोग होऊन निकेलचे आणि कोबाल्टचे स्पिनेल तयार होईल. तोही बाद.

नीलबिंदू

खाली उतरण्याचा अर्धा प्रयोग तरी करावा. ७०० अंशांवर विसरण बरेच मंद असते, म्हणून सबस्ट्रेटची ढवळाढवळ कमी होईल. आधी आणि नंतर एक्स्चेंज बायस मोजला तर तांबे बाहेर पडल्याचा चुंबकत्वावरचा परिणामही कळेल. पर्मॅलॉय मात्र भट्टीनंतर चढवावे. आधी चढवले तर त्याचेच ऑक्साइड होईल.

भट्टीवाली

आणि थर ज्या टार्गेटपासून केला त्याचाच तुकडा कुटून तीच भुकटी त्याच भट्टीत शेजारी ठेवा. ९५० चा टप्पा भुकटीवर करा. दोघांना एकच तापमान आणि एकच वेळ मिळेल, आणि थर वेगळा वागला तर तो का, हे तरी विचारता येईल.

जालक

पटले. ७०० अंशांवर थर आणि भुकटी बरोबर, ९५० वर फक्त भुकटी. आमच्या भट्टीचा थर्मोकपल आधी तपासून घ्यावा लागेल, कारण ८५० आणि ९०० यांच्यातील पन्नास अंशांवरच सगळे अवलंबून आहे. नमुने दिवाळीच्या सुट्टीनंतर भट्टीत जातील. विवर्तनाचे आलेख याच धाग्यावर देईन.

शंकासुर

कोऱ्या सबस्ट्रेटचा एक तुकडाही भट्टीत ठेवा, आणि त्याचे मापन सर्वांत आधी करा. चिमटा प्लास्टिकचा.